‘नको’चा तास

घरी आलेला पाहुणा ‘नको’ म्हणाला, तर त्याचा अर्थ आपण कधीच ‘नको’ असा घेत नाही. पहिले ‘नको’ भिडेचे असते, दुसरे रीतीचे असते, आणि तिसऱ्या आग्रहानंतर पानात पोळी पडायचीच, हे वाढणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. खरोखर पोट भरलेल्या माणसाला ताटावर दोन्ही हात आडवे धरावे लागतात, आणि तरीही बोटांच्या फटीतून तूप सुटतेच. आग्रह हे आपल्या संस्कृतीचे भूषण आहे, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. या भूषणाची दुसरी बाजू मला गेल्या हिवाळ्यात दिसली. नववीच्या मुलांना व्यसनांविषयी शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ती दिसली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा निपाणीकडचा भाग तंबाखूचा. तंबाखू मूळची इथली नव्हे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानात आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता. परत जाताना त्याने बादशहासाठी तंबाखू नेली. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, तरी बादशहाने ओढून पाहिलीच. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले, हे सांगायला इतिहासाचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले तरी पुरे.

पण ज्या गावाचे पोट तंबाखूवर चालते, त्या गावात तिला नुसते ‘व्यसन’ म्हणून चालत नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये भावासाठी शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांतले बारा जण गेले. त्याच सुमारास वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांनी मजुरीसाठी संघटना बांधली; त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली माहितीपट काढला. आमच्या घरातही हाच इतिहास वेगळ्या रूपात नांदतो. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात जर्दा, हातात कात्री आणि कापलेली पाने. बोलता बोलता तिची बोटे चालत असतात. विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर माझी वह्या-पुस्तके आली. तेव्हा ‘तंबाखू विष आहे’ हे वाक्य मी उच्चारते, तेव्हा ते माझ्याच ताटाला लागून जाते. ते खोटे आहे असे मात्र नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही जवळच्याच एका खेड्यात गेलो होतो. तिथल्या हायस्कुलात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही माध्यमे आहेत. आमच्या कार्यक्रमाधिकारी सरांनी मला सांगितले, “नववीच्या दोन्ही तुकड्या एकत्र बसवतो. एक तास तुझा. व्यसनमुक्ती.” माझ्याबरोबर आमच्याच वर्गातली एक कन्नड मैत्रीण होती. मी मराठीत बोलायचे आणि तिने कन्नडमध्ये, असे ठरले.

आदल्या रात्री आम्ही दोघी विचार करीत बसलो. या मुलांनी आजवर काय ऐकले नसेल? भिंतीवर घोषवाक्ये आहेत. दरवर्षी प्रभातफेरी निघते. राहता राहिली भीती. तर तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचे चित्र आहेच. १ एप्रिल २०१६ पासून वेष्टनाचा ८५ टक्के भाग अशा इशाऱ्याने व्यापलेला असतो. मुले ते चित्र रोज पाहतात. रोज पाहिलेली गोष्ट हळूहळू दिसेनाशी होते, हा डोळ्यांचा गुणच आहे. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाला चाळिसाव्या वर्षी होणाऱ्या रोगाची भीती घालणे म्हणजे पुढल्या जन्मीची शिक्षा सांगण्यासारखे आहे. त्याला भीती असते ती आज संध्याकाळची. मित्र हसतील का, याची.

हा अनुभव एकट्या आपलाच नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे १९८३ साली ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मादक द्रव्यांचे धोके सांगत. तो देशभर पसरला, फार लोकप्रिय झाला. पुढे संशोधकांनी मोजमाप केले, तेव्हा आढळले की हा कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या पुढच्या वागण्यात फारसा फरक नाही. शेवटी त्या मंडळींनाच अभ्यासक्रम बदलावा लागला. उलट आपल्याकडे दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ नावाचा प्रयोग झाला. सहावी आणि आठवीच्या वर्गांपासून सुरुवात करून दोन वर्षे मुलांनी खेळ, चर्चा, भित्तिपत्रके केली; मुलांच्यातूनच निवडलेले म्होरके गट चालवीत; तंबाखूच्या जाहिराती आपल्याला कशा भुलवतात आणि मित्राला नकार कसा द्यायचा, याचा सराव झाला. जिथे हा प्रयोग झाला तिथे तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला. जिथे झाला नाही तिथे ६८ टक्क्यांनी वाढला. म्हणजे माहिती लागतेच. पण माहिती डोक्यात राहते आणि हात मात्र मित्राच्या हाताकडे जातो. सराव द्यायचा तो त्या हाताला.

तासाला सुरुवात केली ती प्रश्नांनी. “तुम्हाला काय विचारायचे ते विचारा, खोटे उत्तर देणार नाही,” एवढेच मी म्हटले. पहिला प्रश्न अपेक्षितच होता. एक दणकट मुलगा उभा राहिला. “ताई, माझा आज्जा पंच्याऐंशी वर्साचा हाय. सकाळ-संध्याकाळ तंबाखू खातोय. त्याला काय बी झालेलं न्हाई.” वर्ग हसला. मी म्हटले, “तुझा आजा शंभर वर्षे जगो. आता मला सांग, आपल्या इथला पुणे-बंगळूर हायवे कुणी डोळे मिटून ओलांडला, तर तो पलीकडे पोचेल का?” तो म्हणाला, “एखादा पोचंल.” “मग पोचलेल्याला बघून तू डोळे मिटशील?” तो गप्प बसला, पण चिडून नव्हे, हिशेब करीत बसला. प्रत्येक खाणाऱ्याला कर्करोग होतो, असे सांगणे खोटे आहे, आणि मुलांना ते खोटे लगेच कळते, कारण घराघरांत असा एकेक आजा बसलेला आहे. खरे सांगायचे ते एवढेच, की खाणाऱ्याचा धोका न खाणाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि आपला नंबर कोणत्या बाजूला लागणार, हे आधी कुणालाच कळत नाही.

मग एक मुलगी म्हणाली, “आम्ही खात न्हाई, पर शेंडे खुडायला गेलो की डोस्कं फिरतंय, उलटी हुती.” ही मुलगी नकळत सर्वांत मोठा धडा सांगून गेली. ओल्या पानातले निकोटीन कातडीतून अंगात जाते. तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांचा हा ओळखला गेलेला आजार आहे. नुसत्या स्पर्शाने जी वस्तू एवढे करते, ती गालात ठेवली तर काय करील, हे मला वेगळे सांगावे लागले नाही. कोरडे असताना आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून काम करावे, हे तेवढे सांगितले.

निकोटीनची गोष्ट मुलांना आवडली. ओढलेल्या धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचते, थोडा वेळ बरे वाटते, मग ते उतरते आणि मेंदू पुन्हा मागू लागतो. पुढे पुढे माणूस मजेसाठी खात नाही, अस्वस्थपणा जावा म्हणून खातो. ज्या भागाने माणूस आवर घालतो आणि पुढचा विचार करतो, तो मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून लहान वयात लागलेली सवय अधिक खोल रुतते. २०१९ साली देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. त्यांत शेकडा साडेआठ मुले तंबाखू वापरत होती. आणि चघळण्याची वगैरे, म्हणजे धूर न काढणारी तंबाखू ज्यांनी वापरली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाच्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच तोंडात घातली होती. दहाव्या वाढदिवसापूर्वी! तेव्हा ‘अजून लहान आहेत, कशाला विषय काढायचा’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

गुटख्याचा विषय निघाला. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे. महाराष्ट्रात त्याच्या आदल्या वर्षापासून. एक मुलगा सहज म्हणाला, “दोन पुड्या घ्यायच्या आन् एकात एक वतायच्या.” कायदा करणाऱ्यांना जे सुचले नाही ते नववीच्या मुलाला पाठ होते. पानमसाल्याची पुडी निराळी, तंबाखूची निराळी. मिसळण्याचे काम गिऱ्हाइकाचे. २००३ चा कायदा म्हणतो की १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकू नये आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकू नये. कर्नाटकाने २०२५ मध्ये हे वय २१ वर नेले. पण कायदा टपरीच्या फळीपर्यंत पोचेलच असे नाही. फळीपाशी मूल एकटे असते.

“नुसती सुपारी खाल्ली तर?” असे एकाने विचारले. सुपारीला आपण मंगल मानतो. गणपतीच्या जागी मांडतो. तरीही खरे सांगणे भाग होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना नुसती सुपारीदेखील कर्ककारक ठरवली. सतत सुपारी चघळल्याने गालाच्या आतली त्वचा ताठरते आणि तोंड उघडेनासे होते. मी म्हटले, “मधली तीन बोटे एकावर एक उभी धरा आणि तोंडात घालून बघा. आरामात जायला हवीत.” सगळा वर्ग बोटे तोंडात घालून हसू लागला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हात तोंडापर्यंत नेऊन तसाच खाली आणून बसला. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

यानंतर आम्ही खेळ मांडला. टेबल म्हणजे टपरी. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने तीनदा नकार द्यायचा. आणि इथे मला ती आग्रहाची दुसरी बाजू दिसली. आपल्याकडे तंबाखू विकत घेऊन सुरू होत नाही, ती दिली जाते. चंची सोडायची, तळहातावर चुना लावून मळायची आणि चिमूट समोरच्याच्या हातावर ठेवायची, ही माणसे जोडण्याची रीत आहे. ‘घे की लेका, काय हुतंय!’ यात वैर नसते, प्रेम असते. म्हणून नकार देणे जड जाते. मुलांचे पहिले नकार असे होते: “आज नको, दात दुखतोय.” “आत्ताच चहा घेतलाय.” हे नकार नव्हेतच, या पुढच्या तारखा आहेत, आणि आग्रह करणाऱ्या मुलाने त्या बरोबर ओळखल्या: “बरं, मग उद्या!” वर्ग पुन्हा हसला. मी मुलांना विचारले, “जेवताना तुम्ही तिसरी भाकरी नको म्हटल्यावर आई काय करते?” “वाढती!” असा एकमुखी घोष झाला. ज्या मुलाचे ‘नको’ घरात कधीच खरे धरले गेले नाही, त्याचे ‘नको’ टपरीवर एकाएकी खरे कसे ठरावे?

हळूहळू मुलांनीच वाटा काढल्या. एक मुलगा म्हणाला, “मी खात न्हाई. चल, एस्टी चुकंल.” यात कारण नाही, माफी नाही, मित्राचा अपमान नाही, आणि पाय निघालेले आहेत. मला तर हा नकाराचा नमुनाच वाटला. कन्नड तुकडीतली एक बारीकशी मुलगी उठली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, “बेड अंद्रे बेड!” मराठी मुलांनी लगेच उत्तर दिले, “नको म्हंजे नको!” दोन्ही भाषांत ‘नाही’ वेगळे आणि ‘नको’ वेगळे, हे मला त्या क्षणी फार मोलाचे वाटले. ‘नाही’ हे वस्तुस्थितीविषयी असते. ‘नको’ आणि ‘बेड’ यांत माणसाची स्वतःची इच्छा उभी असते.

मुलींची अडचण निराळी निघाली. त्यांना टपरीवर कुणी बोलावीत नाही. त्यांना मिसरी घरातच मिळते, आणि देणारी आजी असते. “दात दुखतोय? लाव जराशी, थांबंल.” आजीला ‘नको’ कसे म्हणावे? यावर मुलींची बरीच कुजबुज झाली आणि एकीने उत्तर दिले, “आज्जे, तुझी तू लाव. मी मीठ-तेलानं घासते.” आजीचा मान राहिला आणि दातही राहिले. माझ्या स्वतःच्या आजीची मिसरीची डबी मला आठवली आणि मी वर्गाला तसे सांगितलेही.

सर्वच प्रश्नांना ‘नको’ हे उत्तर पुरत नाही, हेही बोलणे झाले. गणपतीच्या मिरवणुकीत कुणी बाटली पुढे केली, कुणी गांजा दिला, कुणी अनोळखी गोळी दिली, तर घेण्याआधी चार गोष्टी स्वतःला विचाराव्यात: यात काय आहे हे मला ठाऊक आहे का? देणाऱ्याचा यात काय लाभ? घेतल्यावर मी घरी कसा जाणार? आणि उद्या याची किंमत कोण भरणार? मित्राने घेतले आणि तो बेशुद्ध पडला, तर मार बसेल म्हणून त्याला सोडून पळायचे नाही. त्याला कुशीवर वळवायचे आणि जवळच्या मोठ्या माणसाला खरे सांगून दवाखान्यात न्यायचे. हे सांगताना वर्ग सर्वांत शांत होता.

तास संपल्यावर मुख्याध्यापक मला हसत म्हणाले, “तुम्ही ‘नको’ शिकवून चालला. उद्या ही पोरं गृहपाठालाही नको म्हणतील.” मी म्हटले, “सर, म्हणू देत. मग गृहपाठ कशासाठी, हे आपल्याला सांगावे लागेल, एवढेच.” त्यांनी मान डोलावली. ते मनाने उदार गृहस्थ आहेत.

मागच्या बाकावरचा तो मुलगा नळापाशी थांबला होता. “ताई, सोडलं तर त्वांड परत उघडतंय काय?” असे त्याने जमिनीकडे बघत विचारले. खोटे उत्तर देणार नाही, असे मी कबूल केले होते. मी म्हटले, “सोडलेस तर आहे त्यापेक्षा वाढण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. लवकर दाखवलेस तर डॉक्टर औषध आणि व्यायाम देतात, फरक पडू शकतो. पूर्वीसारखे होईलच, असे मी सांगणार नाही. पण चालू ठेवलेस तर बिघडतच जाईल, हे नक्की.” तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी आहे, तो त्याच्या वहीवर लिहून दिला. त्याच्या वर्गशिक्षकांशी बोलू का, असे त्यालाच विचारले. बराच वेळ गेला. मग तो “बोला” म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते शिक्षक त्याला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

आणखी एक प्रश्न मात्र अजून माझ्या मनात आहे. शेंडे खुडणाऱ्या त्या मुलीने जाता जाता विचारले, “ताई, समद्यांनी इड्या वढायच्या सोडल्या, तर माझ्या आईनं काय करायचं?” हा प्रश्न तिचा तितकाच माझा. मी तिला म्हटले, “तुझ्या आईची मजुरी चालावी म्हणून कुणा चौदा वर्षांच्या पोराने विडी ओढावी, असा हिशेब तुला मान्य आहे का?” तिने नकारार्थी मान हलवली. “मग आईला दुसरे काम मिळावे, शेतकऱ्याला दुसरे पीक परवडावे, हे काम मोठ्या माणसांचे आणि सरकारचे आहे. ते त्यांच्याकडे मागायचे. तू फक्त तुझे तोंड आणि तुझी छाती सांभाळ, आणि शिक.” उत्तर बरोबर आहे असे मला वाटते, पुरे आहे असे वाटत नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी उभा राहिला; पण दुसरे काम काही उभे राहिले नाही. आपल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आणि शिकणाऱ्या मित्रांनी हा प्रश्न वर्गात घ्यावा, एवढीच विनंती.

आणि दुसरी विनंती सर्वांनाच. आपल्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खेड्यातल्या हायस्कुलातून आला आहे. सुट्टीत तिथे जाऊन एक तास मागून घ्यावा. फलक नको, घोषणा नकोत. मराठी येणाऱ्याने कन्नड येणाऱ्याला बरोबर घ्यावे आणि मुलांना बोलू द्यावे. घरी जेवायला बसाल तेव्हा धाकट्या भावाने तिसरी भाकरी नको म्हटले, तर तेवढी वाढू नये.